माळ्यावरच्या पेट्या

2003 च्या जूनमध्ये साताऱ्यात, शाहूपुरीतल्या भाड्याच्या 4 खोल्यांत 14 मुलं राहायला आली. प्रत्येकाबरोबर एक पत्र्याची पेटी होती. पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं मुलाचं नाव आणि खाली गाव. माण, खटाव, आटपाडी, विटा, कोरेगाव अशा भागांतली ही मुलं. पेट्या भिंतीला लावून ठेवल्या तर झोपायला जागा उरेना, म्हणून पहिल्याच रात्री आम्ही त्या एकावर एक रचल्या. मुलं 9-10 वर्षांची. सैनिक स्कूल आणि नवोदय विद्यालय यांच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेची वर्षभर तयारी करून घ्यायची, राहणं-जेवण आमच्याकडं, असा बेत होता. त्याआधी मी 11 वर्षं एका अनुदानित हायस्कुलात गणित शिकवत होतो. नोकरी सोडली तेव्हा माझं वय 36 होतं.

त्या 14 पैकी 5 जणांची निवड झाली. त्या पाचांची नावं झोपेतून उठवून विचारली तरी मी सांगेन. उरलेल्या 9 जणांपैकी दोघांचीच नावं मला आठवत होती. हे माझ्या ध्यानात आलं ते 2023 मध्ये. संस्थेला 20 वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि संस्थापकाचं मनोगत लिहायला मी बसलो. निवड झालेल्या मुलांची वर्षवार यादी तयार होती, फोटोंसह. ज्यांची निवड झाली नाही त्यांची यादी संस्थेत कुठंच नव्हती. कार्यालयात नाही, संगणकात नाही, माझ्या डोक्यातही नाही. मनोगत अपुरंच राहिलं. जे लिहून झालं ते हे असं आहे.

साताऱ्यात अशी शाळा काढायला मुलं शोधत फिरावं लागत नाही. देशातलं पहिलं सैनिक स्कूल इथं 23 जून 1961 रोजी सुरू झालं. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातलं. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याचं 1960 मध्ये सांगली असं नामकरण झालं आणि देवराष्ट्रे आता तिकडं आहे. या दोन्ही जिल्ह्यांत फौजेची परंपरा घराघरांत आहे. अपशिंगे गावाला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले. अशा गावांतला हवालदार म्हणून निवृत्त झालेला बाप माझ्यासमोर बसायचा आणि एकच गोष्ट सांगायचा, पोरगं एनडीएत गेलं पाहिजे, आम्ही सॅल्यूट ठोकले, आता त्याला ठोकलेले बघायचेत. नवोदयची ओढ निराळी. साताऱ्याला एक, सांगली जिल्ह्यात पलूसला एक. सहावीच्या 80 जागा, त्यातल्या निदान 75 टक्के ग्रामीण भागासाठी, राहणं-जेवण-शिक्षण जवळजवळ फुकट. परीक्षा एकदाच देता येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एकच संधी, आणि जिल्ह्यातून बसणारी मुलं हजारोंनी. हा हिशेब पालकांना कळत होता. मलाही कळत होता. 10 मुलं घेतली तर त्यातली निम्म्याहून जास्त घरी परत जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी परत जाणाऱ्यांसाठी मी काहीही योजलं नव्हतं.

आमच्या प्रार्थनेच्या खोलीत कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो होता. साताऱ्यात शाळा काढणाऱ्या कुणाच्याही खोलीत तो असतोच. 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, 1924 मध्ये तिचं कार्यालय साताऱ्याला आलं आणि धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसू लागली. मुलांच्या पोटाला घालायला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पालकसभेतल्या माझ्या भाषणात ही हकिकत ठरलेली असायची. ती सांगताना माझा आवाज भरून यायचा, आणि ते खरंच आतून यायचं. त्याच वेळी आतल्या खोलीत माझी बायको 60 मुलांच्या भाकऱ्या थापत असायची. तिच्या पाटल्या पतसंस्थेत तारण होत्या. त्या सोडवायला मला 9 वर्षं लागली, आणि त्या 9 वर्षांत मी संस्थेसाठी जीप घेतली, छापील पुस्तिका काढल्या, चौकाचौकांत फ्लेक्स लावले. संस्थेच्या नोंदणीच्या कागदांवर 7 विश्वस्तांची नावं आहेत. त्यात तिचं नाव नाही. माझ्या तेव्हा मनातही आलं नाही.

तिच्याकडं जेवणाची एक वही असायची. कोण किती भाकऱ्या खातो, कुणाला दूध चालत नाही, कुणाला ताप आला, कोण जेवता जेवता रडला. ती सातवीपर्यंत शिकलेली. वही शिवायच्या दोऱ्यानं बांधून फडताळात ठेवायची. वर्ष संपलं की नवी वही. मी त्या वह्या 20 वर्षांत एकदाही उघडल्या नव्हत्या.

2008 च्या तुकडीत जत तालुक्यातला एक मुलगा होता. गणितात बरा, बोलायला अगदी कमी. तो रात्री अंथरुणात लघवी करायचा. बायको पहाटे 4 ला उठून त्याची वाकळ धुऊन मागच्या दोरीवर टाकायची, म्हणजे बाकीची मुलं उठायच्या आत ती नजरेआड व्हावी. हे मला माहीत नव्हतं. एका पावसाळी सकाळी वाकळ वाळली नाही, मुलांत कुजबुज झाली, आणि मी त्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं केलं. फौजेत जायचंय ना, तिथं असलं चालत नाही, असं म्हणालो. माझ्या मते मी त्याला कणखर करत होतो. त्या दिवसापासून तो रात्री पाणी प्यायचा थांबला. बायकोनं मला दोनदा सांगितलं, याला घरी पाठवा, नाहीतर याच्याशी नीट बोला तरी. सराव परीक्षा तोंडावर होती. मी बोललो नाही.

आमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. 5 तास गणित. सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत आज 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताला आहेत, 50 प्रश्न, प्रत्येकी 3 गुण. बाकीच्या 75 प्रश्नांत बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्यज्ञान मिळून उरलेले 150. प्रश्नपत्रिकेचे नमुने बदलत गेले, पण गणितावर बेतलेली आमची घडण बदलली नाही. परीक्षेत निबंध नाही म्हणून निबंध नाही. कविता म्हणायची नाही, गोष्ट वाचायची नाही. एका पालकानं गोष्टींची 200 पुस्तकं भेट दिली होती. ती मी काचेच्या कपाटात लावली आणि कुलूप घातलं. भेटीला येणाऱ्यांना कपाट दिसायचं.

याचं फळ निवड झालेल्यांना भोगावं लागलं. मराठी शाळेतून आलेली मुलं परीक्षा मराठीतून देऊन आत जायची, आणि आत गेल्यावर शिकवणं इंग्रजीतून. वर सकाळची परेड, स्वतःचे कपडे, स्वतःचे बूट, काटा-चमच्यानं जेवणं, अनोळखी मुलांशी हिंदीतून बोलणं. यातलं काहीही मी शिकवलं नव्हतं. दारापर्यंत नेऊन सोडलं आणि माझं काम संपलं असं धरून चाललो. वाळवा तालुक्यातला एक मुलगा, आमचा त्या वर्षीचा पहिला, एका निवासी शाळेतून चौथ्या महिन्यात परत आला. त्याचा बाप मला भेटायला आला तो भांडायला नव्हे. त्यानं विचारलं, "सर, ह्यो तुमच्याकडं असताना इंग्रजी वाचत हुता का?" मला खरं उत्तर देता आलं नाही. त्या मुलाचा फोटो आमच्या फ्लेक्सवर तेव्हाही होता. पुढं 3 वर्षं होता.

फ्लेक्सचं सांगायलाच हवं. एका मुलाची नवोदयला निवड झाली, सैनिक स्कूलच्या यादीत नाव लागलं आणि शिष्यवृत्ती परीक्षेतही तो गुणवत्ता यादीत आला, तर आम्ही ते 3 यश धरायचो. अशा 21 मुलांचे आम्ही 34 केले. पुढं तर शेवटच्या 15 दिवसांच्या सराववर्गाला आलेली मुलंही आमची म्हणून छापली. त्यातली काही आणखी 2 अकॅडमींच्या फ्लेक्सवर होती, त्याच फोटोसह. कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार असायचं, सगळेच असं करतात. गणित शिकवणारा माणूस बेरजेत अशी लबाडी करतो तेव्हा त्याला ती चूक म्हणून दिसत नाही असं नाही. मला ती दिसत होती. प्रवेश अर्ज वाढत होते.

आता 2011 चा ऑक्टोबर. हे लिहिताना मला आजही जड जातं.

आम्ही अकॅडमी होतो. शाळा म्हणून मान्यता नव्हती. मुलं पाचवीची, म्हणजे कायद्यानं ती कुठल्या तरी मान्यताप्राप्त शाळेच्या पटावर हवीत. 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू होता आणि मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही हे त्यात स्पष्ट आहे. यावर सर्वत्र चालत होता तोच मार्ग आम्ही धरला. मुलाचं नाव गावच्या शाळेच्या पटावर, मूल आमच्याकडं. गावच्या शाळेला पट टिकवायचा असायचा, कारण पटावर शिक्षकांची पदं ठरतात. आम्हाला मूल हवं असायचं. दोघांचं भागत होतं.

मग राज्यभर पटपडताळणी जाहीर झाली, 3 ते 5 ऑक्टोबर 2011. महसूल आणि इतर खात्यांची पथकं एकाच वेळी सगळ्या शाळांत जाऊन प्रत्यक्ष डोकी मोजणार होती. मूल दोन ठिकाणी मोजलं जाऊ नये म्हणून मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची, मतदानाला लावतात तशी. आमच्याकडं तेव्हा 118 मुलं होती. मी 2 दिवस आधी जीप, 3 वडाप आणि एक टेम्पो ठरवला आणि मुलांना ज्याच्या त्याच्या गावी पोचवलं. प्रत्येकाला बजावलं, साहेबांनी विचारलं तर रोज याच शाळेत येतो म्हणायचं. वर्गशिक्षकांचं नाव पाठ करून घेतलं. पाढे पाठ करून घेतो तसं, तालावर.

कोरेगावकडं जाणाऱ्या जीपमध्ये मी स्वतः होतो. मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "सर, मंग आमची शाळा कंची?" बाकीची मुलं गप्प झाली. त्यांना उत्तर हवं होतं. मी म्हणालो, "दोन्ही." त्यावर तो म्हणाला, "पर साहेबानं एकच सांगायला सांगितली तर?" मी त्याला गप्प बस म्हणालो.

तिसऱ्या दिवशी रात्री सगळी मुलं परत आली. पंगत बसली. बायको वाढत होती आणि वाढता वाढता थांबली. 118 ताटं, आणि भाकरी मोडणाऱ्या प्रत्येक हाताच्या एका बोटावर काळसर डाग. काही मुलांनी तो लिंबानं, काहींनी विटकरीनं घासून काढायचा प्रयत्न केला होता, कातडी लाल झाली होती, डाग तसाच. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा वाढायला लागली. त्या रात्री ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती शाई जायला बरेच दिवस लागले. तोवर रोज सकाळी प्रार्थनेत मुलं हात जोडायची आणि ते डाग माझ्यासमोर असायचे. वर कर्मवीरांचा फोटो.

याला मी व्यवस्थेचा दोष म्हणत आलो. व्यवस्थेत दोष होताच. पण 10 वर्षांच्या मुलांकडून खोटं पाठ करून घेणारा माणूस मी होतो, आणि ती मुलं मला विचारत असताना मी त्यांना गप्प बसवलं.

स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा 2012 चा कायदा आल्यावर मी रीतसर प्रस्ताव दिला. जागा, खोल्या, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, ठेव, सगळ्याची पूर्तता करून 2014 मध्ये पाचवीपासून मान्यता मिळाली. आधी बेकायदा चालवून नंतर कायदेशीर झालेली गोष्ट आधीची वर्षं धुऊन काढत नाही, हे मला त्या वेळी मान्य नव्हतं. मान्यतेचं पत्र मी चौकटीत लावलं, आणि मोठं व्हायला मोकळा झालो असं मला वाटलं.

सांगलीची शाखा त्यातून निघाली. खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतली हजारो कुटुंबं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. केरळ, तमिळनाडू, दिल्ली, बंगाल, कुठंही सराफपेठेत जा, विट्याकडचा गलाईवाला भेटतो. आईबाप तिकडं, मुलं आजीआजोबांकडं किंवा वसतिगृहात. निवासी शाळेला याहून जास्त गरज असलेली मुलं दुसरी नसतील, आणि मी त्यांना हक्काचे विद्यार्थी समजलो. फी वेळेवर यायची. द्राक्षवाल्या बापासारखं बेदाणा विकल्यावर देतो, अवकाळीनं बाग गेली, असं काही नसायचं. या मुलांना दिवाळीत कुठं जायचं हा प्रश्न असतो हे मी सोडवलंच नव्हतं. एका दिवाळीत 6 मुलं मागं राहिली. वाढपी गावी गेलेले. बायकोनं त्यांना आमच्या घरी आणून अभ्यंगस्नान घातलं. मी त्या दिवशी सांगलीत इमारत बघत होतो.

2017 मध्ये कर्नाळ रस्त्याकडं एक दुमजली इमारत मिळाली. त्या मानानं भाडं फारच कमी. घरमालक सरळ माणूस. त्यानं तळमजल्याच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर असलेली एक मळकट रेघ दाखवली आणि सांगितलं, 2005 चं पाणी इथवर होतं, सर, बघून घ्या. मी म्हटलं 12 वर्षांत काही झालं नाही ना. रेघेवर रंगाचे दोन हात दिले. पालक बघायला येण्याच्या आदल्या आठवड्यात. घरमालकानं मला सांगितलेलं मी एकाही पालकाला सांगितलं नाही. ते मी विसरलो नव्हतो. रंगाचे पैसे मी माझ्या हातानं दिले होते.

ऑगस्ट 2019. कोयनेतून विसर्ग वाढत होता, पाऊस थांबत नव्हता. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. सांगलीकर माणूस पावसाळ्यात सकाळी उठून आधी आयर्विनला किती हे विचारतो. आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरनं मला रविवारी रात्री फोन केला, सर, मुलांना मिरजेला हलवू या, तिकडं उंचावर आहे. मी म्हणालो मंगळवारी सराव परीक्षा आहे, ती होऊ दे. सोमवारी पाणी मागच्या आवारात आलं. वसतिगृहात 37 मुलं होती. मी साताऱ्याहून निघालो तर रस्ते बंद. मुलांना बाहेर काढलं ते शेजारच्या तरुण मंडळानं आणि एका ट्रॅक्टरवाल्यानं, ट्रॉलीत उभं करून, गुडघाभर पाण्यातून. विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयात त्यांना ठेवलं. तिथं कुणी भात आणला, कुणी चादरी. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. त्या आठवड्यात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून 17 माणसं गेली. आमच्या मुलांतलं कुणी गेलं नाही. त्याचं श्रेय माझं नाही.

त्या 37 मुलांत एकाचे वडील केरळात गलाईच्या धंद्यात. 2018 च्या ऑगस्टमध्ये तिकडं महापूर आला, त्यांच्या भाड्याच्या घरात पाणी शिरलं, म्हणून त्यांनी मुलाला सुरक्षित जागी म्हणून सांगलीला माझ्याकडं आणून ठेवलं होतं. ते फोनवर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, मी तुम्हाला विचारलं होतं की. इकडं पाणी येतं का म्हणून विचारलं होतं." विचारलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं होतं.

पाणी ओसरल्यावर मी आत गेलो. गाळ, कुजलेल्या गाद्या, फुगलेल्या वह्या. भिंतीवरचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता आणि नवी रेघ जुनीच्या बरीच वर उठली होती. ती शाखा मी बंद केली. पालकांची फी परत करायला साताऱ्याच्या इमारतीवर कर्ज काढलं. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, साताऱ्याचं वसतिगृहही रिकामं झालं. दीड वर्ष इमारतीत आम्ही दोघं आणि एक राखणदार. 8 शिक्षकांना मी पगार देऊ शकलो नाही, त्यातले 3 परत आले नाहीत. त्यांनी काय करून दिवस काढले हे मी त्या काळात विचारलं नाही. कारण विचारलं तर द्यावं लागलं असतं.

2022 मध्ये मी फलटणला कमला निंबकर बालभवन बघायला गेलो. मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाई 1960 च्या दशकात अमेरिकेतून इथं आल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि त्यांनी 1986 मध्ये ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. माझ्याच जिल्ह्यात, दोन तासांवर. माझी अकॅडमी सुरू होऊन 19 वर्षं झाली होती आणि मी तिथं एकदाही गेलो नव्हतो, कारण तिथून कुणी प्रवेशपरीक्षेच्या यादीत येतं का एवढंच मी पाहायचो. मुलाला वाचता येणं आणि वाचावंसं वाटणं यावर तिथं किती वर्षं जीव लावून काम झालंय ते बघून आलो. घरी येऊन काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं. किल्ली सापडेना, तोडावं लागलं.

आता आमच्याकडं 52 मुलं आहेत, सगळी साताऱ्यात. रोजचं गणित 2 तास. पाचवी झाल्यावर निवड झाली नाही तरी मूल आमच्याकडंच सहावीला राहू शकतं. हे करायला मला 20 वर्षं लागली. चौकशीला येणाऱ्या पालकांना मी आधी किती मुलं बसली हे सांगतो, मग किती निवडली गेली. काही जण उठून दुसरीकडं जातात. बँकेचे हप्ते थकतात. बायको आता विश्वस्त आहे, तिची सही लागते, आणि ती कागद वाचल्याशिवाय सही करत नाही.

मनोगत अडलं तेव्हा तिनंच फडताळातून त्या वह्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. 20 वह्या. सगळी नावं त्यात होती. निवड झालेली आणि न झालेली यांत काही फरक नव्हता, कारण भाकऱ्या सगळ्यांनाच लागत होत्या. मी एकेक नाव उतरवून काढलं, गावं लिहिली, आणि शोधायला लागलो. काही फोन लागले. काहींनी मला ओळखलं नाही. एकानं ओळखून फोन ठेवला.

जतच्या त्या मुलाच्या गावी मी एसटीनं गेलो. तो आता 25 वर्षांचा आहे, पोकलॅन चालवतो. त्यानं मला घोंगडीवर बसवलं, चहा दिला. पहिलं विचारलं ते, "काकू कशा हायती?" वाकळीचा, प्रार्थनेचा विषय मीच काढला आणि माफी मागितली. तो जमिनीकडं बघत ऐकत राहिला. बरं, म्हणाला. मग निघताना म्हणाला, "सर, माझी पेटी राहिली हुती तिकडं. निकाल लागल्याव यायला लाज वाटली."

परीक्षा झाली की मुलं पिशवी घेऊन गावी जायची. निवड झालेली पेढे आणि फोटोसाठी परत यायची, तेव्हा पेटी न्यायची. न झालेल्यांना मी कधी बोलावलं नाही. त्यांच्या पेट्या दर जूनमध्ये नव्या मुलांना जागा करायला माळ्यावर जायच्या, इमारत बदलली तेव्हा त्याही बरोबर आल्या. मी शिडी लावून वर गेलो. 11 पेट्या होत्या. ऑइलपेंटची नावं वाचता येत होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं ती पेटी घेऊन गेलो. कुलूप तसंच होतं, गंजलेलं. आता हे तोडायला काहीतरी आणा, असं मी म्हणालो, तर त्याची आई आत गेली आणि देव्हाऱ्यामागून काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली घेऊन आली. त्यानं कुलपात तेलाचे दोन थेंब सोडले, थोडा वेळ थांबला, आणि किल्ली फिरवली. वर कंपासपेटी होती, एक वही, निळा सदरा, आणि खाली घडी केलेली वाकळ. म्हातारीनं वाकळ उचलली, नाकाजवळ नेली आणि माझ्या बायकोकडं बघून म्हणाली, "धुऊन ठिवलीय की."